तापणारा, घोंघावणारा, रेंगाळणारा लॅपटॉप: काय तपासायचं आणि कोणत्या क्रमाने

सुरू केल्यावर पंधरा-वीस मिनिटं बरा चालतो. मग पंखा जोरात फिरायला लागतो, टंकलेली अक्षरं उशिरा उमटतात, व्हिडिओ अडखळतो आणि कधीतरी काही न सांगता पडदा काळा होतो. ओळखीपाळखीतले लॅपटॉप दुरुस्त करणाऱ्या कुणालाही विचारा, ही तक्रार त्याच्याकडे सतत येत असते. एकदा बरं होऊन गेलेलं यंत्रही काही महिन्यांनी तेच दुखणं घेऊन परत येतं, कारण मधल्या काळात मालकाने विंडोज नव्याने टाकलेलं असतं, जास्तीची रॅम बसवलेली असते, एखादं 'स्पीड वाढवणारं' सॉफ्टवेअर उतरवून घेतलेलं असतं, पण मूळ कारणाला हातच लागलेला नसतो.

माझं म्हणणं एवढंच आहे: प्रोसेसरवर काम किती आहे आणि त्याचं तापमान किती आहे, हे दोन आकडे एकाच वेळी पाहिल्याशिवाय काही विकत घेऊ नका, काही उघडू नका, काही पुसू नका. काम जास्त आणि तापमानही जास्त असेल तर दोष बहुधा सॉफ्टवेअरचा. काम नगण्य पण तापमान चढलेलं, तर थंड करणारी यंत्रणा कमी पडते आहे. तापमान बेताचं आणि तरीही यंत्र रांगतंय, तर डिस्क, मेमरी किंवा चार्जरकडे बघायचं. या तीन वाटांवरचे उपाय पूर्णपणे वेगळे आहेत आणि एकीचा उपाय दुसरीवर केला तर काहीही फरक पडत नाही.

लक्षणं

पहिलं लक्षण सगळ्यांना माहीत असतं: काही काम चालू नसताना पंखा सतत मोठ्याने फिरतो. त्यापेक्षा जास्त सांगून जाणारी लक्षणं अशी:

- सुरुवातीला वेगवान, मग हळू, आणि थोडा वेळ बंद ठेवला की पुन्हा ठीक. ही उष्णतेची खूण.
- सुरू केल्या क्षणापासून हळू, पण हाताला थंड. इथे उष्णतेचा संबंध नसतो.
- फक्त चार्जर लावलेला असताना हळू, किंवा फक्त काढल्यावर हळू.
- खेळ, व्हिडिओ संपादन, लांबलचक ऑनलाइन बैठक अशा जड कामातच अचानक बंद पडणं.
- बॅगेतून काढला तेव्हा चटका बसेल इतका गरम आणि बॅटरी उतरलेली.

आणखी एक लक्षण आहे, ते दिसलं तर बाकीचं वाचण्याची गरज नाही. टचपॅड वर उचलला गेलाय, त्याचं बटण दाबलं जात नाही, झाकण नीट मिटत नाही, सपाट टेबलावर यंत्र डुगडुगतं, किंवा गोडसर रासायनिक वास येतोय, तर बॅटरी फुगलेली आहे. लॅपटॉप बंद करा, चार्जर काढा, पुन्हा चार्ज करू नका. दाबून बसवायचा किंवा टोचून हवा काढायचा विचारही नको. लिथियम-आयन बॅटरी फुटली तर पेट घेते. हे काम थेट तंत्रज्ञाचं.

बाकी सर्वांनी पुढे जाण्याआधी महत्त्वाच्या फायली बाहेरच्या डिस्कवर किंवा क्लाउडवर ठेवून घ्याव्यात. अचानक बंद पडणारं यंत्र कधीतरी लिहिता लिहिता बंद पडतं, आणि त्या वेळी नुकसान होतं ते फायलींचं.

काहीही न उतरवता, काहीही न उघडता

लॅपटॉप ठेवलाय कुठे ते बघा. बहुतेक लॅपटॉप खालून हवा आत घेतात आणि मागून, म्हणजे बिजागरीपाशी, किंवा बाजूने बाहेर टाकतात. गादी, उशी, मांडीवरचं पांघरूण यांत खालची जाळी पूर्ण बुजते. मोठा पडदा जोडून झाकण मिटून काम करणाऱ्यांनीही लक्ष द्यावं: ज्यांची गरम हवा बिजागरीतून बाहेर पडते अशा काही मॉडेलांत मिटलेलं झाकण तीच वाट अडवतं. सपाट, कडक पृष्ठभागावर ठेवून मागची बाजू बोटभर उचला आणि दहा मिनिटं पाहा. पंखे लावलेले कूलिंग पॅड विकत घेणारे पुष्कळ भेटतात. माझ्या मते त्यांच्या फायद्यातला मोठा वाटा नुसत्या उंचीचा असतो आणि ती फुकट मिळते.

मग रीस्टार्ट करा. 'शट डाउन' नाही, 'रीस्टार्ट'. विंडोजमध्ये फास्ट स्टार्टअप चालू असेल तर शट डाउन करताना गाभ्याचा भाग आणि ड्रायव्हर यांची स्थिती डिस्कवर साठवली जाते आणि पुढच्या वेळी तीच परत उचलली जाते. म्हणजे अडकलेला ड्रायव्हर रोज 'बंद' करूनही तसाच अडकलेला राहतो. रीस्टार्टमध्ये हे होत नाही. टास्क मॅनेजरमध्ये (चालू कामं दाखवणारी विंडोजची खिडकी) परफॉर्मन्स या पानावर सीपीयू, म्हणजे प्रोसेसर, निवडल्यावर 'अप टाइम' दिसतो. रोज बंद करणाऱ्या माणसाला तिथे कित्येक दिवसांचा आकडा दिसला की त्याचा विश्वास बसत नाही.

टास्क मॅनेजर उघडायचा तो कंट्रोल, शिफ्ट आणि एस्केप एकत्र दाबून. प्रोसेसेस या पानावर सीपीयूच्या रकान्यावर टिचकी मारा, म्हणजे सर्वांत जास्त खाणारा वर येईल. सगळे प्रोग्रॅम बंद करून पाच मिनिटं हात न लावता बघा. निरोगी यंत्रात एकूण आकडा दहा टक्क्यांच्या आत येऊन स्थिरावतो. तसं न होता एखादी प्रक्रिया सतत पंचवीस-तीस टक्के धरून बसली असेल तर ती कोण आहे ते नाव लिहून ठेवा. अँटिमालवेअर सर्व्हिस एक्झिक्युटेबल, विंडोज मॉड्यूल्स इन्स्टॉलर वर्कर किंवा सर्च इंडेक्सर असेल तर घाबरू नका; मोठ्या अपडेटनंतर किंवा पुष्कळ फायली आणून टाकल्यावर त्यांना काम असतंच. चार्जर लावून एक रात्र चालू ठेवा, आपोआप शांत होतात. चार दिवसांनीही तीच प्रक्रिया वर असेल तर मात्र तो दोष.

मॅकवाल्यांसाठी एक सूचना. अ‍ॅक्टिव्हिटी मॉनिटरमध्ये 'कर्नल टास्क' प्रचंड टक्केवारी खाताना दिसला तर त्याला मारायच्या मागे लागू नका. प्रोसेसर तापला की इतर कामांना जागा कमी मिळावी म्हणून तो मुद्दाम पुढे येतो. तो परिणाम आहे, कारण नाही.

बॅगेत तापणाऱ्या लॅपटॉपचं उत्तरही इथेच. नव्या विंडोज लॅपटॉपांमध्ये झोप म्हणजे पूर्ण झोप नसते. मॉडर्न स्टँडबाय नावाच्या अवस्थेत यंत्र मधूनमधून जागं होऊन अपडेट, मेल वगैरे बघतं. बंद बॅगेत एखादं काम अडकलं की उष्णतेला बाहेर पडायला वाटच नाही. बॅगेत टाकण्याआधी हायबरनेट करा (उघडी कामं डिस्कवर साठवून यंत्र बंद होतं) किंवा पूर्ण बंद करा. हायबरनेटचा पर्याय दिसत नसेल तर कंट्रोल पॅनलच्या पॉवर ऑप्शन्समध्ये, झाकण आणि पॉवर बटणाच्या सेटिंगपाशी तो चालू करता येतो.

आता मोजायचं: मोफत साधनं

विंडोजचा टास्क मॅनेजर प्रोसेसरचं तापमान दाखवत नाही, म्हणून एक साधन उतरवून घ्यावंच लागतं. मी एचडब्ल्यूइन्फो वापरतो. घरगुती वापराला ते मोफत आहे, सुरू करताना 'सेन्सर्स ओन्ली' निवडलं की बाकीचा पसारा टळतो, आणि प्रत्येक आकड्यासमोर सध्याचा, किमान आणि कमाल असे रकाने असतात. कमाल रकाना फार उपयोगी, कारण यंत्र अडखळलं त्या क्षणी तुम्ही पडद्याकडे बघत नसाल तरी आकडा तिथे राहतो.

साधन कुठलंही घ्या, बनवणाऱ्याच्या मूळ संकेतस्थळावरूनच घ्या. शोधयंत्रातल्या वरच्या जाहिराती आणि पानावरची भली मोठी हिरवी 'डाउनलोड' बटणं पुष्कळदा भलत्याच वस्तूकडे नेतात. रजिस्ट्री साफ करणारे, ड्रायव्हर आपोआप बदलणारे, एका टिचकीत वेग वाढवणारे प्रोग्रॅम तर मी कुणाच्याही यंत्रावर ठेवत नाही. हळू झालेल्या लॅपटॉपमध्ये पार्श्वभूमीला चालणारा आणखी एक प्रोग्रॅम, याहून वेगळा त्यांचा उपयोग मला दिसलेला नाही.

आकडे कसे वाचायचे? मोकळ्या बसलेल्या लॅपटॉपचा प्रोसेसर साधारण ४० ते ५५ अंश सेल्सियसला असतो. खोली गरम असेल तर थोडा वर. जड कामात ८० ते ९५ अंश दिसले तर लगेच धास्ती घ्यायचं कारण नाही, पातळ लॅपटॉप तेवढे तापतातच. बऱ्याच इंटेल लॅपटॉप प्रोसेसरांची कमाल मर्यादा १०० अंशांच्या आसपास असते, एएमडीच्या अनेकांची ९५ ते १०५. तिथे पोचला की प्रोसेसर स्वतःला वाचवण्यासाठी वेग उतरवतो. यालाच थ्रॉटलिंग म्हणतात, आणि तुम्हाला जाणवणारं रेंगाळणं ते हेच. वेग उतरवूनही तापमान खाली येत नसेल तर यंत्र स्वतःला बंद करतं. एचडब्ल्यूइन्फोत इंटेल यंत्रांवर 'थर्मल थ्रॉटलिंग'ची ओळ असते. तिथे 'येस' दिसलं तर निदान झालं. शेजारीच 'पॉवर लिमिट एक्सीडेड' अशी ओळ असते. तिच्यात 'येस' दिसणं जड कामात अगदी सामान्य आहे, त्यावरून काही ठरवू नका.

अचानक बंद पडणाऱ्या यंत्रासाठी इव्हेंट व्ह्यूअर, म्हणजे विंडोजची घडामोडींची नोंदवही, उघडून विंडोज लॉग्जमधला सिस्टम हा भाग बघा. कर्नल-पॉवर ४१ ही नोंद बघून लोक बिचकतात, पण तिचा अर्थ एवढाच की मागच्या वेळी यंत्र नीट बंद झालं नव्हतं. कारण ती सांगत नाही. त्याच नावाची ८६ क्रमांकाची नोंद असेल तर ती थेट अतितापामुळे बंद झाल्याची असते. आणि कर्नल-प्रोसेसर-पॉवर ३७ ही नोंद प्रोसेसरचा वेग फर्मवेअरने (यंत्रातच भरलेल्या मूळ सॉफ्टवेअरने) रोखून धरल्याचं सांगते. तिच्याकडे पुढे चार्जरच्या वेळी परत येऊ.

पहिली वाट: काम जास्त, तापमान जास्त

इथे बहुतेक वेळा गुन्हेगार ब्राउझर असतो. क्रोम आणि एजमध्ये स्वतःचा टास्क मॅनेजर आहे, शिफ्ट आणि एस्केप दाबलं की उघडतो. फायरफॉक्सच्या मेनूतही असाच मिळेल. कुठला टॅब किंवा कुठलं एक्स्टेन्शन प्रोसेसर खातंय ते नावानिशी कळतं. आपोआप चालणाऱ्या व्हिडिओ-जाहिरातींनी भरलेली पानं रोज उघडत असाल तर यूब्लॉक ओरिजिनसारखा मोफत जाहिरातरोधक पंख्याचा आवाज खरोखरच कमी करतो. क्रोममध्ये सध्या त्याची 'लाइट' आवृत्ती चालते, तीही पुरेशी आहे.

त्यानंतर स्टार्टअप. टास्क मॅनेजरच्या स्टार्टअप पानावर न लागणारे प्रोग्रॅम बंद करा. खोलात जायचं असेल तर मायक्रोसॉफ्टच्याच सिसइंटर्नल्स संचातलं ऑटोरन्स घ्या. त्यात मायक्रोसॉफ्टच्या नोंदी लपवायचा पर्याय आधी चालू करा आणि नोंद डिलीट न करता फक्त तिची खूण काढा. चुकलं तर खूण परत लावता येते, डिलीट केलेली नोंद शोधत बसावं लागतं.

एक विचित्र वागणूक ओळखायला शिका. पंखा घोंघावत असतो, तुम्ही टास्क मॅनेजर उघडता आणि काही सेकंदांत सगळं शांत होतं. बंद केला की पुन्हा घोंघाट. चोरून क्रिप्टो-मायनिंग करणारे, म्हणजे तुमच्या यंत्रावर दुसऱ्यासाठी आभासी चलन कमावणारे, काही प्रोग्रॅम नेमके असेच वागतात: टास्क मॅनेजर दिसला की थांबतात. अशा वेळी एचडब्ल्यूइन्फो चालू ठेवून टास्क मॅनेजर न उघडता आकडे बघा. संशय पक्का झाला तर विंडोज सिक्युरिटीमधला डिफेंडर ऑफलाइन स्कॅन चालवा. तो विंडोज सुरू व्हायच्या आधी तपासतो, म्हणून लपून बसलेल्यांना हालचालीची संधी कमी मिळते. मालवेअरबाइट्सची मोफत आवृत्ती दुसरं मत म्हणून चांगली.

काम खरंच जड असेल आणि दोष कुठेच नसेल, तर वेगावर थोडं पाणी सोडायचं. सेटिंग्जमध्ये पॉवर मोड 'बेस्ट पॉवर एफिशिअन्सी'वर आणा. जुन्या धाटणीच्या पॉवर प्लॅनमध्ये 'मॅक्झिमम प्रोसेसर स्टेट' दिसत असेल तर १०० चं ९९ करा. एका टक्क्याने काय होणार असं वाटतं, पण बऱ्याच प्रोसेसरांवर त्यामुळे टर्बो (गरजेला नेहमीपेक्षा जास्त वेग घेण्याची सोय) बंद होतो आणि तापमान लक्षणीय उतरतं. नव्या लॅपटॉपांत हा पर्याय पुष्कळदा लपवलेला असतो.

दुसरी वाट: काम नाही, तरी ताप

मोकळा बसलेला प्रोसेसर ७० अंशांच्या वर आणि पंखा पूर्ण जोरात. इथे सॉफ्टवेअरशी झटापट करण्यात अर्थ नाही. तरीही हार्डवेअरला हात लावण्याआधी खात्री करून घ्यायची असेल तर मोफत उपाय आहे: लिनक्स मिंट किंवा उबुंटूची लाइव्ह प्रत, म्हणजे विंडोजऐवजी थेट पेनड्राइव्हवरून चालणारी दुसरी प्रणाली. रुफस या प्रोग्रॅमने ती पेनड्राइव्हवर उतरवा (पेनड्राइव्हवरचं सगळं पुसलं जातं हे लक्षात ठेवा), त्यावरून यंत्र सुरू करा, काहीही इन्स्टॉल न करता अर्धा तास नुसतं चालू ठेवा. तिथेही मोकळ्या यंत्राचा पंखा ओरडत असेल तर विंडोज निर्दोष. विंडोज नव्याने टाकण्याचा एक अख्खा दिवस या अर्ध्या तासात वाचतो.

धुळीचं गणित लोकांना चकवतं, कारण बाहेरून जाळी स्वच्छ दिसते. धूळ साचते ती पंखा आणि हीटसिंकच्या (उष्णता बाहेर टाकणाऱ्या धातूच्या भागाच्या) बारीक पट्ट्या यांच्या मधल्या फटीत, नमद्यासारखा थर होऊन. पंखा फिरतो, आवाज करतो, हवा मात्र पलीकडे जातच नाही. साधी परीक्षा अशी: पंखा जोरात चालू असताना बाहेर पडणाऱ्या हवेपाशी तळहात धरा. आवाज मोठा पण झोत मंद, तर फट बुजलीये. झोत जोरदार पण हवा जेमतेम कोमट आणि प्रोसेसर मात्र ९५ वर, तर हवा ठीक आहे, उष्णताच हीटसिंकपर्यंत पोचत नाहीये. म्हणजे वाळलेली थर्मल पेस्ट (प्रोसेसर आणि हीटसिंक यांच्या मधला उष्णता पोचवणारा लेप) किंवा सैल झालेला हीटसिंक. तापमानाची चालही हेच सांगते. धूळ असेल तर काम सुरू केल्यावर ते मिनिटांमिनिटांनी चढतं आणि तितकंच सावकाश उतरतं. पेस्ट गेली असेल तर काही सेकंदांत शिखरावर, काम थांबलं की लगेच खाली. टर्बोमुळे नवे प्रोसेसर क्षणभर अशी उडी मारतातच, म्हणून निष्कर्ष पाच-दहा मिनिटांच्या चालीवरून काढा.

न उघडता साफ करायचं तर दाबाच्या हवेचा डबा. यंत्र बंद, चार्जर काढलेला, पूर्ण थंड. डबा उभा धरायचा. आडवा किंवा उलटा केला की आतला द्रव बाहेर येतो. जाळीतून लाकडी टूथपिक घालून पंख्याचं पातं अडवून धरा आणि मग थोडे थोडे झोत मारा. पंखा मोकळा सोडला तर हवेने तो नेमल्यापेक्षा फार जोरात फिरतो, बेअरिंग खराब होऊ शकतं. घरगुती व्हॅक्यूम क्लीनर नको, त्याच्या नळीवर स्थिर वीज साचते. एवढ्याने पाच-दहा अंश उतरले तर उत्तम. मात्र जाड थर झोताने निघत नाही, उलट कधी कधी आत आणखी घट्ट बसतो.

उघडण्याआधीची शेवटची बिनखर्ची पायरी म्हणजे बायोसचं, विंडोजच्याही आधी सुरू होणाऱ्या मूळ सॉफ्टवेअरचं, अपडेट. पंखा कधी किती फिरावा हे बायोस आणि त्याच्यासोबतचं फर्मवेअर ठरवतं, आणि त्यातल्या चुका उत्पादक अपडेटमधून दुरुस्त करतात. फाइल फक्त लॅपटॉपच्या उत्पादकाच्या संकेतस्थळावरून, अचूक मॉडेल बघून घ्या. चार्जर लावलेला आणि बॅटरी भरलेली असावी. बिटलॉकर (डिस्कला कुलूप लावणारी विंडोजची सोय) चालू असेल तर आधी तो तात्पुरता थांबवा आणि रिकव्हरी की दुसरीकडे लिहून ठेवा. नाहीतर अपडेटनंतर यंत्र ती मागतं आणि की नसेल तर डिस्कवरचा मजकूर कायमचा बंद होतो.

यानंतर मागचं झाकण. नीट हात असलेल्या माणसाला हे जमतं, पण अटी आहेत. उत्पादकाची सर्व्हिस मॅन्युअल आधी वाचा; अनेक कंपन्या ती मोफत देतात. काही स्क्रू रबरी पायांखाली लपलेले असतात. प्रत्येक स्क्रू कुठून निघाला त्याप्रमाणे कागदावर मांडा, कारण त्यांची लांबी वेगवेगळी असते आणि लांब स्क्रू आखूड जागी पिळला तर तो बोर्डात किंवा कीबोर्डात घुसतो. झाकण निघाल्यावर पहिलं काम बॅटरीची जोडणी काढणं. पंखा उचलून धुळीचा थर चिमट्याने काढला की पुष्कळ यंत्रं तिथेच बरी होतात. पेस्टपर्यंत जायची गरजच पडत नाही.

पेस्ट बदलायचीच असेल तर हीटसिंकवर छापलेल्या क्रमांकांच्या क्रमाने स्क्रू घट्ट करायचे, एकदम न आवळता थोडे थोडे. जुनी पेस्ट ९० टक्क्यांहून अधिक तीव्रतेच्या आयसोप्रोपिल अल्कोहोलने पुसायची. मेमरी आणि वीजपुरवठ्याच्या चिपांवर असलेले मऊ थर्मल पॅड फाटले तर त्यांच्या जागी पेस्ट लावून भागत नाही, तेवढ्याच जाडीचे पॅड लागतात. आणि पेस्टच्या जागी चकचकीत, पाऱ्यासारखा द्रव दिसला तर तिथेच थांबा. तो लिक्विड मेटल असतो, काही गेमिंग लॅपटॉपांत वापरतात. वीजवाहक असल्यामुळे एक थेंब घरंगळला तर बोर्ड जातो.

तिसरी वाट: थंड, पण हळू

चार्जर आधी बघा, कारण हे कारण सहसा कुणाला सुचत नाही. टास्क मॅनेजरच्या सीपीयू पानावर 'स्पीड' आणि 'बेस स्पीड' असे दोन आकडे असतात. काम देऊनही स्पीड ०.४ ते ०.८ गिगाहर्ट्झवर खिळलेला असेल आणि तापमान ५० च्या आत असेल, तर प्रोसेसरला कुणीतरी मुद्दाम रोखलंय. वर सांगितलेली ३७ क्रमांकाची नोंद इथे भेटते. काही कंपन्यांच्या गोल पिनच्या चार्जरमध्ये मधली बारीक पिन फक्त ओळख पटवण्यासाठी असते. ती वाकली, तुटली किंवा चार्जर परका असला की यंत्राला वॅटेज कळत नाही, आणि ते सावधगिरी म्हणून रांगायला लागतं. टाइप-सी वाल्यांनी फोनचा ३० वॉटचा चार्जर ६५ वॉट मागणाऱ्या लॅपटॉपला लावला तरी असंच काहीसं होतं. परीक्षा फुकट आहे: चार्जर काढून बॅटरीवर चालवा. वेग परत आला तर योग्य वॅटेजचा, उत्पादकाचा चार्जर कुणाकडून तरी उसना घेऊन खात्री करा, मगच विकत घ्या.

मग डिस्क. टास्क मॅनेजरमध्ये डिस्क १०० टक्के, पण वाचन-लेखनाचा वेग सेकंदाला एक-दोन मेगाबाइट. क्रिस्टलडिस्कइन्फो हे मोफत आणि मुक्तस्रोत साधन डिस्कची स्वतःची आरोग्यनोंद वाचून दाखवतं. 'गुड' दिसलं तरी दोन ओळी बघाच: रीअलोकेटेड सेक्टर्स आणि करंट पेंडिंग सेक्टर्स. त्यांच्या कच्च्या आकड्यात शून्याहून जास्त काही असेल आणि आठवडाभरात तो वाढत असेल, तर ती डिस्क जाणार. बाकी सगळं सोडून फायली काढून घ्या. अशा डिस्कवर डीफ्रॅग किंवा दुरुस्तीचे प्रोग्रॅम चालवणं म्हणजे तिचे उरलेले तास संपवणं. डिस्क निरोगी आहे पण फिरणारी हार्ड डिस्क आहे, तर तिच्या जागी एसएसडी (फिरते भाग नसलेली वेगवान डिस्क) घातल्याने जितका फरक पडतो तितका दुसऱ्या कुठल्याही खर्चाने पडत नाही. एसएसडीच आहे पण काठोकाठ भरलेली, तर विनडिरस्टॅटने जागा कुणी खाल्ली ते बघा आणि दहा-पंधरा टक्के मोकळी करा.

मेमरीचं थोडक्यात: नेहमीच्या वापरात मेमरी सतत ९० टक्क्यांच्या वर आणि डिस्कही धडपडत असेल तरच जास्तीची रॅम उपयोगी. ५०-६० टक्क्यांवर असलेल्या यंत्रात रॅम वाढवून काहीही होत नाही. बऱ्याच पातळ लॅपटॉपांत ती बोर्डावर डाख देऊन बसवलेली असते, वाढवताच येत नाही; आधी मॉडेल तपासा. निळा पडदा येत असेल तर मेमटेस्ट८६ प्लस पेनड्राइव्हवरून रात्रभर चालवा. एकही चूक दाखवली तरी रॅम सदोष समजायची.

डिस्क, मेमरी, चार्जर सगळं ठीक आणि यंत्र फक्त म्हातारं आहे, अशीही उदाहरणं असतात. विंडोज १० चा नेहमीचा सुरक्षा-आधार १४ ऑक्टोबर २०२५ ला संपला आणि अनेक जुन्या यंत्रांवर विंडोज ११ अधिकृतपणे बसत नाही. लेखन, मेल, व्हिडिओ एवढंच काम असेल तर लाइव्ह पेनड्राइव्हवर आजमावलेलं लिनक्स मिंट त्यावर कायमचं टाकायला माझी हरकत नाही, एसएसडी असेल तर नक्कीच.

इथे थांबा, तंत्रज्ञाकडे न्या

फुगलेली बॅटरी. जळका वास, ठिणगी किंवा चार्जिंगच्या खोबणीचा काळवंडलेला रंग. आत पाणी किंवा चहा सांडलेला, मग तो सध्या चालत असला तरी. पंखा खरखरतो किंवा फिरतच नाही. पंखा बदलणं सोपं असलं तरी नेमका सुटा भाग मिळवणं सोपं नसतं. स्वच्छता आणि पेस्ट होऊनही मोकळ्या यंत्राचं तापमान ७० च्या खाली येत नाही, म्हणजे हीट पाइप (उष्णता वाहून नेणारी नळी) निकामी किंवा बोर्डावर दोष. डिस्क मरते आहे आणि फायलींची दुसरी प्रत नाही. इथे तर लॅपटॉप दुरुस्त करणारा नको, डेटा परत मिळवून देणारा विशेषज्ञ हवा, आणि त्याच्याकडे पोचेपर्यंत यंत्र बंदच ठेवायचं. वॉरंटी शिल्लक असेल तर झाकणाला हात लावण्याआधी अटी वाचा.

नेताना एचडब्ल्यूइन्फोच्या कमाल रकान्याचा फोटो, इव्हेंट व्ह्यूअरमधली नोंद आणि तुम्ही काय काय करून पाहिलं त्याची यादी सोबत द्या. 'हळू चालतो' एवढंच सांगितलं तर समोरचा बहुधा विंडोज नव्याने टाकून परत देईल. 'मोकळा असताना ७८ अंश, हवेचा झोत मंद, लाइव्ह लिनक्समध्येही तेच' असं सांगितलं तर तो थेट पंखा उघडेल. यंत्र परत घेताना तिथेच दहा मिनिटं चालवून तापमान बघा, आणि काढलेला जुना भाग मागून घ्या. फुगलेली बॅटरी मात्र परत आणू नका, ती त्यांच्याकडेच योग्य ठिकाणी जाऊ द्या.